बोलकी, मुकी, बडबडी

माझं काम काय होतं असं नव्या ओळखीच्या माणसाने विचारलं, की मी 'काचेचं' असं सांगून मोकळा होत असे. तळेगावात वाढलेल्या माणसाने काचेचं काम करावं यात कुणाला नवल वाटत नाही. वडील काच फुंकायचे, मीही फुंकायला शिकलो. फरक इतकाच, की वडिलांच्या हातच्या कंदिलाच्या चिमण्या लोकांच्या माजघरात लागल्या आणि माझ्या हातच्या काही नळ्या रॉकेटात बसून वातावरणाच्या वर गेल्या. हे सांगितलं की समोरचा माणूस जरा मागे सरकून माझ्याकडे पाहतो आणि विषय बदलतो. म्हणून 'काचेचं' एवढंच बरं.

आमची कार्यशाळा लोणावळ्यात, एका जुन्या बंगल्यात होती. मुंबईच्या एका संशोधन संस्थेची ही शाखा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत आमच्या नळ्या टिकत नाहीत, म्हणून कोरड्या थंड हवेसाठी लोणावळा निवडलं, असं कागदोपत्री कारण होतं. निवडणारा माणूस डिसेंबरात येऊन गेला असणार. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कागद पापडासारखा वाकायचा आणि पापड कागदासारखा मऊ व्हायचा. आतल्या एका खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद करून तिथे विजेची शेगडी लावली होती. तिला आम्ही 'उन्हाळा' म्हणायचो. "नळ्या उन्हाळ्यात ठेवल्या का?" असं भर आषाढात एकमेकांना विचारताना कुणाला हसू येत नसे.

या दमटपणाची पहिली वर्दी आम्हाला शेजारच्या बंगल्यातले सोराबशेठ द्यायचे. आमच्या नळ्यांना हजार व्होल्टची वीज लागायची. काचेवर ओल धरली की ती वीज काचेवरून चोरपावलांनी ओघळायची, बारीक ठिणग्या उडायच्या आणि सोराबशेठच्या रेडिओवर क्रिकेटच्या वर्णनात खरखर सुरू व्हायची. ते छत्री घेऊन फाटकाशी उभे राहून ओरडायचे, "अरे बाबा, तुमचा ते नळी परत गळते! मेरा पूरा ओवर गेला!" आम्ही त्यांची माफी मागायचो आणि गळकी नळी शोधायला लागायचो. सगळ्या कार्यशाळेत त्यांच्या रेडिओइतकं अचूक यंत्र आमच्याकडे नव्हतं.

आता ही नळी म्हणजे काय ते सांगतो. काचेची बंद नळी, आत तांब्याचा पत्रा गुंडाळलेला आणि पत्र्याच्या बरोबर मधून केसाहून बारीक तार ओवलेली. आतली हवा काढून घ्यायची, थोडा आर्गॉन वायू आणि त्यात थोडी अल्कोहोलची वाफ भरायची आणि तोंड बंद करायचं. तारेला वीज जोडली की नळी तयार. आकाशातून, दगडातून, रेडियमसारख्या पदार्थातून डोळ्यांना न दिसणारे कण सतत सुटत असतात. त्यातला एखादा नळीतून गेला की आत क्षणभर विजेचा लोट येतो आणि जोडलेल्या कर्ण्यातून 'टक्' असा आवाज येतो. एक कण, एक टक्. मग टक् मोजायचे. एवढंच.

पण प्रत्येक टक् नंतर नळीला दम खायला वेळ लागतो. सेकंदाचा पाच हजारावा भाग वगैरे. माणसाच्या हिशेबात हा वेळ म्हणजे काहीच नाही. पण कण थोडे असले तरच. कण झुंडीने आले, की नळी पहिल्याला 'टक्' म्हणेपर्यंत पुढचे दहा निघून गेलेले असतात. आणि झुंड त्याहून दाट झाली तर आणखी वाईट. दम पुरता खाऊन होण्याआधीच पुढचा कण आदळतो, त्यामुळे दर खेपेला नळीचा आवाज आधीपेक्षा बारीक निघतो. शेवटी तो इतका बारीक होतो की मोजणाऱ्या यंत्राला ऐकूच येत नाही. आकडा शून्यावर येतो. कण सर्वांत जास्त असतात त्याच वेळी यंत्र सांगतं, इथे काहीच नाही. या धंद्यातलं सगळ्यात वाईट शून्य ते हेच.

तार ओवायचं काम हौसाबाईंचं होतं. मळवलीच्या बाजूच्या एका वाडीतून त्या यायच्या. डोंगरउतारावरून चालत स्टेशनापर्यंत आणि तिथून गाडीने लोणावळा. वय चाळिशीच्या आतबाहेर, आवाज खणखणीत, आणि चुकीचं काम दिसलं की समोर कोण आहे ते न पाहता बोलायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला भाऊ. सुरुवातीला त्या बंगल्यात झाडलोट करायला आल्या होत्या. एकदा माझ्या हातून तार तिसऱ्यांदा तुटली तेव्हा झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, "आना हिकडं. तुमी लय वढता." त्यांनी ओवली. त्या दिवसापासून झाडायला दुसरी बाई आली.

तारेच्या दिवसाचे त्यांचे नियम होते. त्या दिवशी डोक्याला तेल नाही, मिश्री नाही. हात साबणाने नाही, राखेने धुवायचे आणि मग आमच्या शुद्ध पाण्याने. तेलाचा हात तारेला लागला की नळी बिघडते हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी ते दोन नळ्या बिघडल्यावर ओळखलं आणि बाकीच्या तिघी बायकांना असा दम भरला की तारेचा दिवस आमच्याकडे उपासासारखाच पाळला जाऊ लागला.

नळ्या तपासायचं कामही त्यांच्याकडेच आलं. एक लांब लाकडी पट्टी होती, तिच्यावर पाच खुणा. एका टोकाला नळी बसवायची आणि शिशाच्या डबीतला रेडियमचा कण एकेक खूण पुढे सरकवत तिच्या जवळ न्यायचा. पहिल्या खुणेला टक्... टक्, तिसऱ्याला ताशासारखा आवाज, पाचव्याला नुसती खरखर. आज एखाद्याने हे पाहिलं तर आम्हाला तुरुंगात घालील. तेव्हा आम्ही हातमोजे घालायचो आणि बायकांना पट्टीपासून लांब बसा म्हणायचो, एवढीच काळजी.

तपासणीचं रजिस्टर मी लिहायचो. मुंबईहून छापील पानं यायची, त्यात इंग्रजीत तीन रकाने. चालू नळी, बंद नळी आणि तिसरा रकाना कारण नसताना वाजत राहणाऱ्या नळीचा. बायकांनी त्यांना बोलकी, मुकी आणि बडबडी अशी नावं दिली होती. हौसाबाई आतून ओरडायच्या, "तेरा नंबर बोलकी! चौदा बोलकी! पंधरा बडबडी, माझ्या नणंदंवानी!" आणि मी बरोबर रकान्यात खूण करायचो.

आमचे प्रमुख डॉक्टरसाहेब मुंबईत बसायचे आणि महिन्यातून दोनदा यायचे. ते पदार्थविज्ञानाचे डॉक्टर, पण आजूबाजूच्या वस्तीत हे कुणाला पटलं नाही. खोकला झालेली दोनचार माणसं ठरलेल्या दिवशी व्हरांड्यात बसलेली असायची आणि साहेब त्यांना मुकाट्याने खोकल्याच्या गोळ्या द्यायचे. माणूस तापट होता, पण न्यायाचा. त्यांनी मोठ्या खटपटीने एका परदेशी रॉकेटात आमच्या नळ्यांसाठी जागा मिळवली होती. उत्तरेकडच्या एका थंड देशातून ते रॉकेट उडणार होतं. तिकडे आकाशात हिरवे पडदे हलल्यासारखा प्रकाश दिसतो. त्या प्रकाशातून जाताना किती कण आदळतात ते आमची नळी मोजणार होती. अशा कामासाठी नळीच्या एका तोंडाला अभ्रकाचा पातळ पापुद्रा लावतात, म्हणजे कमी ताकदीचे कणही आत येतात. तो पापुद्रा न तडकता बसवणारे हात त्या वेळी आसपास माझेच होते. हे मी आजही कुणालाही सांगतो.

नळ्या पाठवायच्या आदल्या दिवशी हौसाबाई दुरडी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. दुरडीत सात नळ्या, प्रत्येकीच्या टोकाला निळा दोरा बांधलेला.

"भाऊ, ह्या निराळ्या ठिवा."

"का? मुक्या निघाल्या?"

"मुक्या न्हाईत. पाचव्या खुनंला गुदमरत्यात. मागं सारलं की पुन्ना बोलत्यात."

"पुन्हा बोलतात ना? मग बोलक्याच म्हणायच्या."

"कशा म्हनायच्या? चार मान्सांत बोलायचं आन् चाळीस जमली की वाचा बसायची, त्याला बोलका म्हनत्यात व्हय?"

बायका हसल्या, मीही हसलो. मला संध्याकाळच्या गाडीने बारा नळ्या मुंबईला पोचवायच्या होत्या, आणि त्या सात बाजूला काढल्या तर पाचच उरत होत्या. रजिस्टरात तीन रकाने होते, आणि ज्या नळ्या पुन्हा बोलतात त्या बंद कशा लिहायच्या? मी सातही 'चालू' लिहिल्या. मग कातरीने निळे दोरे कापले, कारण मुंबईत कुणीतरी विचारलं असतं. हौसाबाई ते उभ्याने पाहत होत्या. "तुमी म्हंता तसं," एवढंच म्हणाल्या आणि दुरडी घेऊन गेल्या.

रॉकेट उडालं. त्यात बसवलेल्या आमच्या नळीने वर जाताना छान मोजलं. हिरव्या पडद्यात शिरल्यावर आकडा चढला, चढला आणि एकदम शून्य. पडद्यातून बाहेर पडल्यावर पुन्हा मोजायला लागली, मग सगळं समुद्रात. ज्या मोजमापासाठी एवढा खटाटोप केला, नेमकं तेवढंच हातात आलं नव्हतं.

डॉक्टरसाहेबांना पहिला संशय गुदमरण्याचाच आला होता. त्यांनी रजिस्टर मागवून घेतलं, एकेक पान पाहिलं. त्यात तसल्या नळीची कुठेही नोंद नव्हती. पाचव्या खुणेपर्यंत सगळ्या 'चालू'. मग त्यांनी दुसरा निष्कर्ष काढला, आणि समोर जे होतं त्यावरून तो चुकीचा म्हणता येणार नाही. रॉकेटच्या हादऱ्याने नळी मध्येच बंद पडते आणि मध्येच चालू होते, म्हणजे आतली तार सैल असणार.

ते लोणावळ्याला आले आणि सगळ्यांसमोर हौसाबाईंना म्हणाले, "बाई, तार सैल राहिली तुमच्याकडून. फार मोठं नुकसान झालं."

"माझी तार सैल न्हाई," हौसाबाई म्हणाल्या.

"मग नळी गप्प का बसली?"

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची पट्टी सरळ करत होतो. त्या वेळी मला त्या सात नळ्या आठवल्या नाहीत, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवल्या होत्या. पण त्यांचा याच्याशी संबंध असेल हे मी मनाला पटू दिलं नाही.

साहेबांनी त्यांना काढलं नाही. तारेवरून उठवून काच धुवायला बसवलं. हौसाबाईंनी पदर खोचला, पुन्हा सोडला आणि म्हणाल्या, "धुवाया भांडी माझ्या घरी बी हायती." आणि गेल्या. वाडीवर ही बातमी त्यांच्याआधी पोचली होती. रॉकेटात घालायची तार या बाईने ओवली म्हणून आधी सगळ्या वाडीला कौतुक होतं. आता विहिरीवर कुणाचा दोर तुटला तरी 'हौसाच्या हातचा दिसतोय' म्हणायचे. हे मला कामावरच्या दुसऱ्या बाईने सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि कामाला लागलो.

चार महिन्यांनी परदेशातून एक खोकं परत आलं. न उडवलेल्या, राखीव ठेवलेल्या दोन नळ्या त्यात होत्या. कापसातून एक बाहेर काढली, तर तिच्या टोकाच्या पिनेला निळ्या दोऱ्याचा तुटका तुकडा अजून चिकटलेला होता. माझ्या कातरीतून निसटलेला. खोलीत मी एकटाच होतो. नळी पट्टीवर बसवली, रेडियम सरकवला. चौथ्या खुणेला खरखर. पाचव्याला शांतता. मागे घेतला, पुन्हा खरखर. तसं मी बारा-पंधरा वेळा केलं. मग दुसरी, दोरा नसलेली नळी लावली. ती पाचव्या खुणेलाही खरखरत राहिली. हौसाबाईंनी हेच सांगितलं होतं, आणि आमच्यापैकी कुणी तपासूनही पाहिलं नव्हतं तेव्हा त्या एकट्यांनी ते ओळखलं होतं.

मी मुंबईला गेलो आणि साहेबांना दोन्ही नळ्या वाजवून दाखवल्या. ते खुर्चीतून उठले. "म्हणजे तार ठीक होती! कण आपल्या अंदाजापेक्षा किती तरी जास्त होते! अहो, हे यापूर्वी का नाही दिसलं?"

मी म्हणालो, "पूर्वी पाचव्या खुणेपुढे, इतकं जवळ नेऊन पाहत नव्हतो."

त्यांनी माझी पाठ थोपटली.

पुढचं वर्ष कामात कसं गेलं ते कळलं नाही. साहेबांनी काढलेला तोडगा साधा होता. एका मोठ्या नळीऐवजी बोटाच्या पेराएवढ्या तीन नळ्या, आणि प्रत्येकीच्या तोंडावर भोकाची पितळी चकती. एकीचं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं, दुसरीचं मोहरीएवढं, तिसरीचं सुईच्या टोकाएवढं. कण थोडे असले तर मोठ्या भोकाची मोजेल. झुंड आली आणि ती गुदमरली तरी सुईच्या भोकाची मोजतच राहील, कारण तिच्यात मोजकेच कण शिरणार. तिच्या आकड्यावरून बाहेर किती आहेत ते काढता येतं. शिवाय नळी लहान म्हणून दमही लवकर खाते. कागदावर हे फार सुंदर दिसत होतं. पण त्या पेराएवढ्या नळीत तार ओवायला कुणाचा हात बसेना. माझा तर नाहीच. तीन आठवड्यांत एक नळी धड झाली नाही.

"त्या बाईंना आणा," साहेब म्हणाले.

भातकापणीचे दिवस होते. मी मळवलीला उतरून वर चढून गेलो, तेव्हा हौसाबाई खाचरात कापणी करत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत.

"मावशी, तार सैल नव्हती. तपासून पाहिलं."

"मला ठावं हाय."

"साहेबांनी बोलावलंय तुम्हाला. बारीक नळ्या आहेत, कुणालाच जमत नाहीत."

"त्येंनी चारचौघींत माझं नाव घालीवलं. आता तुमी हितं खाचरात येऊन कानात सांगतायसा." त्यांनी मूठभर भात कापून बाजूला टाकलं. "साहेबांना म्हनावं, जितं बोलला तितंच बोला. समद्या बाया असताना. मंग यीन."

मी हा निरोप साहेबांना जसाच्या तसा दिला. ते खरोखरच न्यायाचे होते. पुढच्या आठवड्यात हौसाबाई आल्या, बाकीच्या तिघी बायका ओळीने उभ्या राहिल्या, आणि साहेब नीट मराठीत म्हणाले, "हौसाबाईंची तार बरोबर होती. चूक माझी झाली." हौसाबाई म्हणाल्या, "बरं." आणि राख मागितली.

त्या लहान नळ्या वर गेल्या. दोन गुदमरल्या, सुईच्या भोकाची शेवटपर्यंत मोजत राहिली, आणि त्या हिरव्या पडद्यातला आकडा पहिल्यांदा आमच्या हाती आला. मुंबईत पेढे वाटले. छापील अहवालाच्या शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव आलं. 'नळ्या गुदमरतात हे ज्यांच्या चिकित्सक निरीक्षणामुळे लक्षात आलं' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. मी ते पान घरी नेऊन वडिलांना वाचून दाखवलं. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण माझं नाव ऐकून त्यांचे डोळे भरून आले. मला तेव्हा आतून लाज वाटली आणि मी ती गिळली.

साहेबांनी चूक स्वतःवर घेतली होती, आणि ती त्यांची नव्हती. हे सांगायला मला पुष्कळ दिवस मिळाले. रोज सकाळी हौसाबाई समोर बसायच्या, राखेने हात धुवायच्या, तार ओवायच्या. त्यांनी कधी विषय काढला नाही. मीही नाही.

मग नवीन रजिस्टर आलं. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं. मी ते उघडून टेबलावर ठेवलं. हौसाबाईंना वाचता येत नव्हतं, पण पानाची ठेवण त्यांच्या डोळ्यांत बसलेली होती. त्या वाकून पाहू लागल्या.

"हितं एक घर जास्ती हाय."

"हो. चौथा रकाना आलाय."

"कशाचा?"

"गुदमरणाऱ्या नळीचा."

त्यांनी वाकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाल्या, "मी सांगितलं तवा का न्हाई लिवलं, भाऊ?"

"तेव्हा रकाना नव्हता, मावशी."

मागच्या फळीवर जुनं रजिस्टर होतं. त्यांनी ते उचललं, मधलं कुठलंसं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि ओला हात पदराला पुसून पानाच्या कडेवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.

"कडंला एवढी कोरी जागा व्हती की."

होती. चांगली दोन बोटं रुंद होती.